बिनदोऱ्याची नळी

संपतदादा,

शनिवारी संध्याकाळी सवयीनं गाडीखाली पेपर पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. रविवारी सकाळी वाकून बघितलं तर पेपर कोरा. एक थेंब नाही, एक डाग नाही. आणि मी तिथेच चाकापाशी बसून राहिले, कारण ही बातमी आता सांगायची कुणाला, हेच कळेना. इतकी वर्षं सोमवारी कचेरीतून येताना तुर्भ्याला उतरायचं, तुमच्या शेडच्या दारातून ओरडायचं, "पेपर कोरा!" आणि तुम्ही कुठल्यातरी टेम्पोखालून, नुसते पाय दाखवत, ओरडायचात, "बेस हाय! मंग येवढ्या लांब कशाला आलाव?"

कशाला येत होते, ते तुम्हाला माहीत होतं. ते बोलायचं राहिलं. तेच आज लिहायला बसले आहे.

पेपरची युक्ती तुमचीच. आम्ही बारा बिऱ्हाडांनी मिळून ती जुनी व्हॅन घेतली, तेव्हा वाशीत राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. घरं इकडे आणि पोरांच्या शाळा खाडीपलीकडे चेंबूरला. रेल्वे येणार, येणार म्हणता म्हणता चौथीतली पोरं सातवीत गेली. मग पालकांची व्हॅन कमिटी झाली. कमिटीत अकरा पुरुष आणि मी. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला चिटणीस केलं, म्हणजे सभेचा वृत्तान्त लिहायचा आणि चहाचं बघायचं. ड्रायव्हर म्हणून वाशीगावातले अंतूभाऊ मिळाले, आणि अंतूभाऊंनी तुम्हाला आणलं. "मानूस बोलतो कमी, पन हात सोन्याचा हाय," एवढीच तुमची शिफारस.

पहिल्या दिवशी तुम्ही इंजिनाला हातच लावला नाहीत. जुना पेपर मागितलात, तो गाडीखाली पसरलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी वाचू." मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी पेपरवर तीन डाग होते. तुम्ही उकिडवे बसून एकेक डाग दाखवत बातम्या सांगितल्यात. हा काळा, इंजिन ऑइलचा, घाबरायचं कारण नाही. हा गंजकट, पाण्याचा. आणि हा कडेनं पिवळा, मधे जवळजवळ नाहीच, हा पेट्रोलचा. "ह्यो वाळून जातू, ताई. म्हनून लोकास्नी दिसत नाही. आन ह्योच घात करतू."

मग टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जिथे जिथे लोखंडी पाइपला रबरी नळी जोडली होती, ती ती जागा तुम्ही मला दाखवलीत. अशा सहा जागा. मला का दाखवलीत, हे मला तेव्हा कळलं नाही. बाकीचे अकरा जण गॅलरीखाली सावलीत उभे राहून न्हावा शेव्याला बंदर कधी होणार यावर वाद घालत होते. उन्हात मी एकटीच होते, एवढंच कारण असेल. तुम्ही पंपापाशची नळी काढलीत, ब्लेडनं लांबीत चिरलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत. बाहेरून चांगली काळीभोर, आत सगळी भेगाळलेली.

"भाईरून तरनी, आतून म्हातारी," तुम्ही म्हणालात. "मालकाला नुस्तं सांगून पटत नाही. हातात द्यावं लागतं."

ही तुमची रीतच होती. नवी नळी घातली की जुनी चिरून मालकाच्या हातात. आणि नव्या नळीला एक दोरा. वहिनी घरी ब्लाऊज शिवायच्या, त्यांच्या डब्यातला रंगीत दोरा तुम्ही दर वर्षी एक ठरवायचात. लाल वर्ष, हिरवं वर्ष, पिवळं वर्ष. इंजिनावरचं झाकण उघडलं की दोऱ्याच्या रंगावरून नळीचं वय कळायचं. ज्या नळीला दोरा नाही ती तुमच्या हातची नाही. हे फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि मला.

माझं नाक तुम्ही शोधून काढलंत. एका रविवारी मी म्हटलं, डाव्या अंगाला वास येतोय. तुम्ही म्हणालात, नाही. अंतूभाऊ म्हणाले, नाही. मी हट्टाला पेटले. शेवटी तुम्ही कंटाळून हात घातलात तर पंपामागची, नळी आवळून धरणारी पट्टी घामेजली होती. तुम्ही बोट हुंगलंत, माझ्याकडे बघितलंत आणि अंतूभाऊंना म्हणालात, "ताईंचं नाक इंजिनात बसवा, मंग माजं कामच नाही." त्या दिवशी मी घरी जाऊन आरशात माझं नाक बघितलं, खोटं कशाला सांगू. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि ह्या घरात माझ्या कुठल्याच अवयवाचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

मग तुम्ही मला शिकवलंत. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना. तुमचा जुना खाकी कोट साडीवर चढवून मी वाकायची आणि वरून शेजारणी बघायच्या. नळी दोन बोटांत धरून वाकवायची, भेगा दिसतात का बघायचं. नखानं दाबायची. कडक लागली तर गेली, आणि लोण्यासारखी दबली तरी गेली. पट्टीच्या कडेशी आधी बघायचं, कारण नळी मरते ती तिथे. कापायची ती कोऱ्या ब्लेडनं, एका घावात. सांडणारं पेट्रोल डब्यात धरायचं, ते थांबायला पाइपच्या तोंडात बोल्ट घालायचा. आणि पट्टी किती आवळायची, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही जरा विचार केलात. "पोरीची येनी घालताना वढता ना, तेवढी. जादा वढली तर पोरगी रडती."

आपलं भांडण एकच. एक नळी खराब निघाली की तुम्ही म्हणायचात, सहाच्या सहा बदला. "एका दिवशी जन्मल्यात समद्या. एक गेली म्हनल्यावर बाकीच्या काय अमर हायेत?" मी म्हणायची, जी खराब ती बदला, कमिटीला मी काय सांगू? तुम्ही म्हणायचात, कमिटी गाडीत बसत नाही, पोरं बसतात. मी म्हणायची, पण गाडी कमिटीची आहे. हे भांडण आपण प्रत्येक पावसाळ्याच्या आधी भांडलो आणि ते कधीच सुटलं नाही. आता वाटतं, तुम्ही बरोबर होतात. हेही मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही फार चढला असतात.

आता ती गोष्ट.

एप्रिलात तुम्ही जयंतीला गावी जायचात, परभणीकडे. शेड बंद, कुलूप, दारावर खडूनं "गावी". त्या वर्षीही गेलात. इकडे पोरांच्या परीक्षा सुरू. रविवारी सकाळी मी पेपर बघितला तर बांगडीएवढा पिवळा डाग. झाकण उघडून माझ्या ह्या नाकानं मी जागा शोधली. कार्बोरेटरपाशची नळी, पट्टीच्या कडेला चिरलेली. गाडी थांबवली तर सोमवारी सतरा पोरं पेपरला कशी जाणार? रविवार म्हणून सामानाची दुकानं बंद. कमिटीला सांगितलं असतं तर आमच्या अध्यक्षांनी, कर्णिकांनी, टॅक्सीचा खर्च कुणी करायचा इथपासून सुरुवात करून सभा बोलावली असती.

आणि मग मला माझ्या स्वयंपाकघरातली नळी आठवली. त्याच महिन्यात शेगडीची गॅसची नळी बदलली होती. दुकानदारानं हातभर जास्त दिलेली, कोरी करकरीत, फडताळात गुंडाळून ठेवलेली. मी ती पाइपला लावून बघितली. घट्ट बसली. मला वाटलं, रबर ते रबर. गॅस चालतो तिच्यातून, मग पेट्रोलनं काय घोडं मारलंय?

तुम्ही शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. कोरं ब्लेड, बोल्ट, डबा, पट्टी वेणीएवढी. अंतूभाऊंनी गाडी चालू केली. अर्धा तास मी बघत बसले, एक थेंब नाही. दादा, त्या दिवशी माझ्यासारखी खुशीत बाई वाशीत दुसरी नव्हती. पिवळा दोरा बांधायला मी शिवणाचा डबासुद्धा उघडला. मग वाटलं, नको. दोरा तुम्ही बांधायचा. तुम्ही गावाहून याल, झाकण उघडाल, बिनदोऱ्याची नळी बघाल, विचाराल, "ही कुनी घातली?" आणि मी म्हणेन, "ओळखा."

तुम्ही आलात. पण त्या रविवारी तुमच्या वस्तीत लग्न होतं, तुम्ही निरोप पाठवलात की पेपर बघून ठेवा. मी बघितला. कोरा होता. मी तसंच कळवलं. खोटं नव्हतं ते. गुपित मात्र माझ्याकडेच ठेवलं, पुढच्या रविवारपर्यंत. ओळखा म्हणायची हौस होती ना मला.

गुरुवारी सकाळी, खाडीपुलाच्या अलीकडे, पेट्रोलच्या वासानं पोरांनी नाकं धरली आणि हसायला लागली. अंतूभाऊंनी गाडी बाजूला घेतली, चावी काढली, आधी पोरं उतरवली आणि मग झाकणाकडे वळले. तेवढ्यात खालून धूर आणि मग जाळ. रस्त्याच्या कामाची वाळू पडली होती, ती टाकून त्यांनी आणि एका ट्रकवाल्यानं विझवली. घाईत उतरताना कर्णिकांची मुलगी पडली, तिचा गुडघा फुटला, कोपर सोललं. माझी धाकटी तिच्या शेजारी उभी होती. अंतूभाऊंनी कचेरीत फोन केला. "ताई, पोरां समदी उतरवली. काय झाला नाय कोनाला. तू घाबरू नको."

मी पोचले तेव्हा तुम्ही आधीच आला होतात. झाकण उघडं होतं. तुमच्या हातात ती नळी होती. पेट्रोल पिऊन फुगलेली, मऊ लिबलिबीत, भिजलेल्या पावासारखी, आणि एका जागी फुटलेली. तुम्ही ती बोटांत फिरवत होतात. दोरा शोधत होतात. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंत. मी काही बोलले नाही. तुम्ही खिशातून फडकं काढलंत, नळी त्यात गुंडाळलीत आणि खिशात घातलीत.

रविवारी कर्णिकांच्या हॉलमध्ये सभा. तुम्ही दाराशी उभे. खुर्च्या होत्या, पण कुणी बसा म्हणालं नाही. मीही नाही. कर्णिकांनी विचारलं, "तो पाइप आणलाय?" तुम्ही फडकं सोडून नळी टेबलावर ठेवलीत. अकरा पुरुषांनी ती हातात घेऊन बघितली. त्यांच्या प्रत्येकाच्या घरात शेगडीला तशीच नळी होती, आणि एकालाही ओळखता आली नाही. खोलीत दुसरी एक बाई असती ना दादा, तर तिनं क्षणात ओळखली असती. पण दुसऱ्या बायका आत चहा करत होत्या.

"हा तुम्हीच बसवला ना?" कर्णिक म्हणाले.

तुम्ही म्हणालात, "गाडी माज्या भरवशावर व्हती, साहेब."

"म्हणजे चूक तुमची."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, एकदाच, आणि मी वहीकडे बघितलं.

मग कर्णिक ते बोलले. "वस्तीतला माणूस धरला की असंच होणार. मी पहिल्यापासून सांगत होतो." वस्तीतला म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं. तुम्हालाही कळत होतं. कर्णिकांच्या मुलीला टाके पडले होते, बापाचा जीव जळत होता, हे मी मानते. मला असलं कुठलंच कारण नव्हतं. मला फक्त भीती होती. बाईला इंजिनाशी जाऊ दिलं की असंच होतं, हे वाक्य मला ऐकू येत होतं, सासूबाईंच्या आवाजात, ह्यांच्या आवाजात, आणि अकराच्या अकरा आवाजांत. ते वाक्य मला नको होतं, म्हणून दुसरं वाक्य मी तुमच्यावर पडू दिलं.

आणि मी वहीत लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात. "मेकॅनिकने आपली चूक मान्य केली. त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे." तुम्ही चूक मान्य केली नव्हती. तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं होतं आणि जे बोलला नाहीत ते लिहिलं.

सभा संपली, चहा आला. मी खिडकीतून खाली बघितलं तर तुम्ही गाडीपाशी वाकला होतात. कामावरून काढल्यावर, तुम्ही नवी नळी बसवत होतात. सोमवारी पोरं जायची होती ना.

महिनाभर मी तुर्भ्यावरून जाताना बसमध्ये मान दुसरीकडे वळवायची. मग एका सोमवारी उतरले. कांदा-बटाट्याच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत तुमच्या शेडशी आले. तुम्ही मला बघितलंत, हात पुसलेत, स्टूल पुढे केलंत. मी बसलेच नाही. म्हटलं, "दादा, ती नळी..."

"मला काय सांगता, ताई?" तुम्ही म्हणालात. हसलात सुद्धा. "मला म्हाईत हाय. मला सांगून काय उपेग? चा घ्या."

तुमच्या थर्मासच्या झाकणातून मी चहा प्यायले आणि रडले. मला वाटलं, तुम्ही मला माफ केलंत. घरी येईपर्यंत माझं पाऊल हलकं झालं होतं. इतकी वर्षं मी ते वाक्य तसंच जपून ठेवलं. मला सांगून काय उपयोग. म्हणजे सांगायची गरज नाही. म्हणजे झालं गेलं संपलं.

त्यानंतर दर सोमवारी येत राहिले. कमिटीनं मोठ्या गॅरेजचा माणूस लावला होता, तो महिन्यातून एकदा हॉर्न वाजवून बघायचा. गाडी खरी तुम्हीच सांभाळलीत, माझ्या हातांनी. मी डाग सांगायची, तुम्ही नळी मापून कापून द्यायचात, दोरा आधीच बांधलेला. एकदा तर वर एक हातभर नळी जास्त दिलीत. "घरी ठेवा, फडताळात. गॅसच्या नळीशेजारी." आणि तुमचे डोळे इतके हसत होते की मी पिशवीनं तुम्हाला मारायचं बाकी ठेवलं. गाडी पुन्हा कधी रस्त्यात बंद पडली नाही. सभेत गॅरेजवाल्याचे आभार मानले गेले, आणि ते आभार मीच वहीत लिहिले.

मला तो सोमवार हवा आहे, दादा. कुठलाही एक. ट्रकांचा धुरळा, सडक्या कांद्याचा वास, तुमचे टेम्पोखालून आलेले पाय. मी ओरडेन आणि तुम्ही ओरडाल, बाकी काही नको. मागच्या सोमवारी मी तुर्भ्याला उतरलेसुद्धा. पायांनाच सवय. शेडच्या दारावर कुलूप होतं आणि खडूनं काहीच लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही चार दिवसांच्या तापानं गेलात, आणि मला कळलं ते अंतूभाऊंकडून, सगळं आटोपल्यावर. पुण्यानुमोदनाला मी आले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, तुमचा तो फोटो, त्यात तुम्ही इतके गंभीर की मी आधी ओळखलंच नाही. वंदना झाली. लोक दोन दोन शब्द बोलले. मलाही बोलावलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, संपतराव कामाला पक्के होते, शब्दाला पक्के होते, आमच्या सोसायटीवर त्यांचे फार उपकार आहेत. आणि बसले.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. माझा हात हातात घेतला. "ते म्हनायचे, ताई सांगतील कवातरी." हात तसाच धरून त्या पुढे म्हणाल्या, "शाळंच्या पोरांची गाडी जाळली म्हनून नळावर बाया मला बोलायच्या, ताई. त्या वर्सापासून. वाशीतले लोक दुरुस्तीला स्कूटर देईनात झाले. मी म्हनायची, तुमी जाऊन सांगा की, ती नळी माजी नव्हती म्हनून. तर म्हनायचे, मी सांगून कोन ऐकतंय? ताईंनी सांगितलं पायजे. आन त्या सांगतील." मग हात सोडून म्हणाल्या, "मला वाटलं, आज सांगताल."

बसमध्ये मला तुमचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. मला सांगून काय उपेग? तुम्ही माफ केलं नव्हतं, दादा. तुम्ही पत्ता सांगत होतात. मला नको, तिकडे जाऊन सांग, म्हणत होतात. आणि मी चहा पिऊन, डोळे पुसून, हलकी होऊन घरी आले होते. दर सोमवारी मी दारात ओरडायची आणि तुम्हाला क्षणभर वाटत असेल का, की आज सांगून आली असेल? "मंग येवढ्या लांब कशाला आलाव?" असं दर वेळी विचारायचात. मी हसायची.

ह्या रविवारी कमिटीची सभा होती. कोरा पेपर घडी घालून पिशवीत ठेवला आणि वर गेले. तोच हॉल, तेच कर्णिक, केस तेवढे पांढरे. मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायची वेळ आली तेव्हा मी जुनी वही काढली आणि त्या वर्षीचं पान उघडलं. मग मी दाराशी बघितलं, जिथे तुम्ही उभे होतात. दार रिकामं होतं. तिकडेच बघत बोलले. गॅसची नळी, फडताळ, दोरा, सगळं. तुम्ही काय बोलला होतात आणि मी काय लिहिलं होतं, तेही.

कर्णिक म्हणाले, "अहो, पण आता कशाला? माणूस गेला."

"माणूस गेला," मी म्हटलं. "नाव वस्तीतच आहे."

पाठीमागून कुणीतरी म्हणालंच, बाईमाणसाला गाडीचं काय कळतं. ते वाक्य मी इतकी वर्षं टाळत होते. आलं, आणि गेलं. त्यात काही एवढं नव्हतं, दादा. एवढ्याशासाठी मी तुम्हाला दारात उभं ठेवलं होतं. कर्णिक मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, "दुरुस्ती लिहून घ्या. मी सही करतो." आणि त्यांनी केली.

दुपारी वही घेऊन मी तुमच्या घरी आले. वहिनी शिवणावर होत्या. पाय थांबवून त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. मी म्हटलं, "वहिनी, सांगितलं. लिहूनही आणलंय. वाचून दाखवते." त्यांनी तुमच्या फोटोखाली पाट मांडला, त्यावर वही ठेवली, थोडा वेळ नुसती ठेवली. मी वाचायला घेणार तर म्हणाल्या, "थांबा. पानी येऊ द्या."

मला कळेना. चारच्या सुमारास बाहेर नळाला पाणी आलं, हंडे वाजायला लागले, बायकांची रांग लागली. वहिनी उठल्या, दार सताड उघडलं आणि वही माझ्या हातात दिली.

"आता वाचा, ताई. जरा मोठ्यानं."

मी उंबऱ्यात उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. "ती नळी संपतराव यांनी बसवली नव्हती. ती मी बसवली होती. त्यांनी चूक मान्य केली नव्हती. तसे मी खोटे लिहिले."

हंडे वाजायचे थांबले. वहिनी म्हणाल्या, "पुन्हा."

मी पुन्हा वाचलं.